बी अँड डब्ल्यूचे पिवळे विणलेले स्पीकर: कंपनी मोठी झाली ती आवाजावर की नावावर?

जुळे_सोलापूरकर

मंडळी राम राम. पुण्यात एका मित्राकडे बॉवर्स अँड विल्किन्सचे (बी अँड डब्ल्यू) जुने स्पीकर ऐकले, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीयेत. आवाज तर भारी होताच पण जाळी काढल्यावर आत पिवळंधमक कापडच दिसलं की ओ, चक्क विणलेलं! आमच्या घरी आजोबांपासून माग होते, अशोक चौकाच्या बाजूला, त्यामुळे कापड दिसलं की बोटं आपोआप तिकडं जातात, मित्र ओरडला हात लावू नको म्हणून. तो म्हणाला हे केव्हलार आहे, बुलेटप्रूफ जॅकेटवालं. मग शोरूममध्ये नवीन मॉडेल बघायला गेलो तर तिथं पिवळं गायब, रुपेरी राखाडी रंगाचा कोन (हलून आवाज काढतो तो शंकूसारखा पडदा), आणि किंमत ऐकून चहा न घेताच बाहेर आलो. सेल्समनला विचारलं पिवळं का बंद केलं तर म्हणे 'सर ते जुनं झालं, हे लेटेस्ट आहे'. हे काय उत्तर झालं का.

तर मला जरा सविस्तर कळायला पाहिजे. ही कंपनी एवढी मोठी झाली कशी, खरंच काही टेक्नॉलॉजी आहे की इंग्लंडचं नाव आणि लंडनच्या अॅबे रोड रेकॉर्डिंग स्टुडिओचा शिक्का यावर चाललंय? विणलेल्या कापडाचा आवाजाशी काय संबंध, आणि तो सोडला का? शेवटचं म्हणजे सेकंडहँड पिवळे घ्यावेत का. घर स्लॅबचं आहे, हॉल साधारण १२ बाय १६, खाली टाइल्स.

चिरमुरे

सोलापुरात ४३ डिग्रीत लाखाचे स्पीकर. पंखा बंद करून ऐकणार का आता? 😄

जुना_रेडिओ

रिटायर्ड माणूस आहे, वेळ आहे, म्हणून लांब लिहितोय, कंटाळा आला तर खाली जा.

कंपनीचा जन्म १९६६ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंग नावाचं गाव आहे तिथला. जॉन बॉवर्स आणि रॉय विल्किन्स हे दोघं दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दलात एकत्र होते, युद्ध संपल्यावर गावात रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकलं. विकायचं, दुरुस्त करायचं, शाळा-चर्चमध्ये माईक-स्पीकर बसवून द्यायचे, म्हणजे आपल्या नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात जे चालतं तेच. बॉवर्सला मात्र बाजारातले स्पीकर पटायचे नाहीत, तो मागच्या खोलीत स्वतःचे बनवत बसायचा. मिस नाईट म्हणून एक वयस्कर गिऱ्हाईक होत्या, शास्त्रीय संगीताच्या शौकीन. त्यांना त्याने स्पीकर बनवून दिले ते इतके आवडले की जाताना मृत्युपत्रात त्याच्या नावे १०,००० पौंड ठेवून गेल्या, स्पीकरचा धंदा काढ म्हणून. १९६६ चे दहा हजार पौंड, म्हणजे गंमत नाही. विल्किन्सने दुकान सांभाळलं आणि बॉवर्सने कारखाना काढला.

आता माझ्या मते कंपनी का वाढली याचं अर्धं उत्तर पुढच्या गोष्टीत आहे. पहिल्या पी१ मॉडेलवर जो नफा झाला त्यातून बॉवर्सने काय घेतलं? मोजायचं यंत्र. रेडिओमीटर कंपनीचा ऑसिलेटर आणि पेन रेकॉर्डर, जो कागदावर स्पीकरचा आलेख काढून देतो. मग गिऱ्हाईकाला स्पीकरबरोबर त्याच नगाचा आलेख द्यायला सुरुवात केली. ज्या काळात बाकीचे 'मधुर आवाज' असं छापून विकत होते त्या काळात हा माणूस प्रत्येक नगाची पत्रिका देत होता. नफा परत लॅबमध्ये घालायचा ही सवय तिथंच लागली.

बाहेरची मदत घ्यायलाही लाजले नाहीत. डिझाइनसाठी केनेथ ग्रेंज आणला, हा तोच ज्याने ब्रिटिश रेल्वेच्या इंटरसिटी १२५ गाडीला तिचं ते निमुळतं नाक दिलं. १९७६ ला डीएम६ आला, त्यात पहिल्यांदा केव्हलारचा कोन. पोट पुढं आलेलं असल्यामुळे लोक त्याला गरोदर पेंग्विन म्हणायचे, फोटो बघा, नाव चपखल आहे. १९७९ ला ८०१ आला आणि कंपनीचं नशीब पालटलं. बेसचं खोकं वेगळं, त्याच्यावर मिडरेंजचं (मधल्या सुरांचं) डोकं वेगळं, त्याच्यावर ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मोकळा, कारण एकाच्या खोक्याची थरथर दुसऱ्याला लागू नये. १९८० च्या सुमारास अॅबे रोड स्टुडिओने ते घेतले. तर सोलापूरकर, तुमच्या शिक्क्याबद्दल एवढंच की शिक्का नंतर आला, त्याआधी चौदा वर्षं माल बनत होता. पण शिक्क्याचा धंदा त्यांनी पुढं दणकून केला हेही खरं, आजही जाहिरातीत अॅबे रोड असतोच.

१९८२ ला वर्दिंगजवळ स्टेनिंग या छोट्या गावात वेगळं संशोधन केंद्रच काढलं, कारखान्यापासून लांब, म्हणजे रोजच्या ऑर्डरींची कटकट इंजिनिअर लोकांच्या मागे नको. तिथून निघालेल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या. एक मॅट्रिक्स. स्पीकरचं लाकडी खोकं स्वतःच थरथरतं आणि गाण्यात आपला आवाज मिसळतं, उपाय म्हणून लोक जाड लाकूड घ्यायचे. यांनी खोक्याच्या आत आडव्या-उभ्या फळ्या एकमेकींत अडकवून सोड्याच्या बाटल्यांच्या क्रेटमध्ये असतात तसे खण पाडले. खोकं दगडासारखं घट्ट. बोटाच्या पेराने ठोकून बघा, साधं खोकं 'ढब' वाजतं, हे 'टक' म्हणून गप्प. १९८७ मध्ये ८०१ मॅट्रिक्स आला आणि त्याच वर्षी बॉवर्स गेला.

दुसरी म्हणजे नॉटिलस, १९९३. मॅट्रिक्सवाला इंजिनिअर लॉरेन्स डिकी, त्याचंच हे काम. स्पीकरचा पडदा पुढं जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागं पण टाकतो, आणि मागचा आवाज खोक्यात आपटून परत पातळ कोनामधून बाहेर येतो. डिकी म्हणाला खोकंच नको. प्रत्येक ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या एकेका युनिटच्या) मागे निमुळती होत जाणारी लांब नळी, आत लोकरीसारखं भरण, मागचा आवाज आत जातो आणि विरून जातो, परत येतच नाही. बेसची नळी सरळ ठेवली तर हॉलच्या भिंतीत घुसेल, म्हणून ती गुंडाळली, त्यामुळे तो गोगलगायीसारखा आकार. दिसायला नाटकी आहे पण आकार गणितातून आलाय. अजून बनवतात. चार ड्रायव्हर, चारांना वेगवेगळा अँप, म्हणजे जोडीला आठ चॅनल. असा स्पीकर किती जण घेणार, पण १९९८ ला त्याच नळ्या छोट्या करून ८०१ च्या महागड्या ८०० मालिकेत आल्या, आज स्वस्तातल्या स्वस्त ६०० मालिकेच्या ट्विटरमागेही नळी असते. वर प्रयोग करायचा, मग एकेक पायरी खाली उतरवायचा, धंदा चालतो तो खालच्या पायऱ्यांवर.

२००५ ला ट्विटरचा घुमट हिऱ्याचा केला. दागिन्यातला हिरा नव्हे, वायूतून थर चढवून वाढवलेला. कारण असं की अॅल्युमिनियमचा घुमट ३० किलोहर्ट्झच्या आसपास आपला ताल सोडतो, हिऱ्याचा ७० पर्यंत टिकतो. आपण ऐकतो २० पर्यंत, माझ्या वयाला तर १० सुद्धा धड नाही, मग फायदा काय? कंपनी म्हणते वरचा गोंधळ लांब गेला की खालचं स्वच्छ होतं. थोडं खरं, थोडं हिऱ्याचं नाव. तुम्ही ठरवा.

केव्हलारचं मी सोडतो, इथं कापडातली माणसं आहेत.

चादर_टॉवेल

हाक मारली म्हणून आलो 🙂 अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, टेक्स्टाईलचा डिप्लोमा आहे, स्पीकरचा नाद कॉलेजपासून.

घरातला साधा पंचा घ्या, टेरी टॉवेल नको, त्याला लूप असतात. ताण्याच्या (उभ्या धाग्याच्या) दिशेला ओढा, हलत नाही. बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) दिशेला ओढा, जवळपास नाहीच. आता तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढा, लगेच सरकतो. म्हणजे एकच कापड, पण दोन दिशांना कडक आणि अधल्यामधल्या दिशांना मऊ. आपल्याला हे रोजचं आहे म्हणून त्यात काही वाटत नाही, स्पीकरवाल्यांनी मात्र त्याचाच उपयोग केला.

कोनाच्या मधोमध व्हॉइस कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं असतं, ते धक्का देतं. कमी सुरांना अख्खा कोन एकत्र पुढं-मागं होतो, तिथं काही प्रॉब्लेम नाही. सूर वर गेला की धक्का मध्यातून कडेकडे लहरीसारखा पळतो, कडेच्या रबराला आपटतो आणि परत फिरतो. कागद किंवा प्लॅस्टिकचा कोन सगळ्या दिशांना सारखाच, त्यामुळे सगळीकडची लहर एकाच वेळी परत येते, एकमेकींवर चढतात आणि ठराविक सूर कोनातच अडकून घुमत राहतो. गाणं पुढं जातं, हा मागं रेंगाळतो. विणलेल्या कोनात धाग्याच्या दिशेने लहर जोरात पळते, तिरक्या दिशेने हळू. मग परत येताना सगळ्या वेगवेगळ्या वेळी येतात, एकमेकींना जोर मिळत नाही, घुमणं पसरून बारीक होतं. बुलेटप्रूफचा आवाजाशी काही संबंध नाही ओ, तो मित्रावर इम्प्रेशन मारायला. धागा हलका आणि कडक आहे आणि वीण साधी आहे, एवढंच कामाचं.

आणि नुसतं कापड हवा धरत नाही, म्हणून त्याला रेझिन पाजतात, आपण ताण्याला विणायच्या आधी सायझिंगमध्ये खळ देतो तसंच जवळपास. आपण विणून झाल्यावर खळ धुवून टाकतो, ते कायम ठेवतात. किती पाजायचं यातच खरी कारागिरी, जास्त झालं तर कापडाचा कापडपणाच जातो आणि प्लॅस्टिकचा कोन होऊन बसतो.

मग सोडलं का? २०१५ ला ८०० डी३ आला तेव्हा मिडरेंजचा केव्हलार गेला आणि कॉन्टिन्युअम नावाचा कोन आला. सेल्समनला माहीत नसेल पण तोही विणलेलाच आहे, जवळून बघा, वीण दिसते. धागा बदलला, वरचं लेपण बदललं, धागा नक्की कुठला ते कंपनी सांगत नाही (कुठला मागवाला सांगतो?). आठ वर्षं त्यावर काम केलं असं ते म्हणतात. कारण असं देतात की केव्हलार एका ठिकाणी अचानक वागणं बदलतो, नवा कोन ते हळूहळू करतो. वीण ठेवली, धागा बदलला. २०१७ ला ७०० मालिकेत उतरला, २०१८ ला ६०० मध्ये, जुना_रेडिओ म्हणतात त्याच पायऱ्या.

आमच्या लाइनची अजून एक गंमत. प्रत्येक स्पीकरच्या कोनामागे नालीदार कापडाची चकती असते, स्पायडर म्हणतात, दोनशे रुपयाच्या स्पीकरमध्ये पण असते. कोन मधोमध राहावा म्हणून. पण ती चकती पण कोनाबरोबर हलते आणि स्वतःचा आवाज करते, २०२१ च्या डी४ मध्ये मिडरेंजमागचं हे कापडच काढून टाकलं आणि बारीक स्प्रिंगसारखे हात बसवले. म्हणजे पुढं कापड पाहिजे, मागं नको!

नवीपेठ_साऊंड

काय बे सगळे मिळून पोराला खड्ड्यात घालालालाव 😀 आम्ही पंधरा अन् अठरा इंची स्पीकर वाजवतो, गड्ड्याच्या जत्रेला, लग्नाला, मिरवणुकीला. आमच्या टॉपला (वरच्या मोठ्या खोक्याला) एक वॉट दिला तर एक मीटरवर ९८ च्या आसपास डीबी (डेसिबल) येतो, यांचा ८८-९०, तो छोटा ६०७ तर ८४. दहा डीबी कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दहापट पॉवर, मी शंभर वॉटमध्ये जे करतो त्याला यांना हजार लागतील, अन् हजार दिले तर कॉइल जळून धूर निघतो. मग भारी कोणता सांगा की.

जुना_रेडिओ

@नवीपेठ_साऊंड काम वेगळं ओ. तुम्हाला मैदान भरायचंय, कोन हलका, मॅग्नेट मोठं, पुढं हॉर्न, सगळं जोर वाढवायला. यांना बारा बाय सोळाच्या खोलीत तबल्याची शाई कुठं संपते आणि किनार कुठं सुरू होते ते ऐकवायचंय. बॉवर्सचं म्हणणंच असं होतं की चांगला स्पीकर म्हणजे जास्त देणारा नव्हे, कमीत कमी गमावणारा. तुमचा टॉप हॉलमध्ये लावला तर सोलापूरकरांच्या मातोश्री त्यांना घराबाहेर काढतील.

नवीपेठ_साऊंड

हे मान्य. पण एक सांगतो, मिरवणुकीत 'डॉल्बी' म्हणून जे वाजतंय त्यातलं निम्मं डिस्टॉर्शन असतंय, गिऱ्हाईकाला तेच पाहिजे असतंय, स्वच्छ लावलं तर म्हणतंय आवाज कमी आहे. अन् वरचा मोजायचा मुद्दा बरोबर आहे, मोबाइलवर का होईना आता आम्ही पण माईक लावून बघतो, आधी सगळं कानावर चालायचं.

जुळे_सोलापूरकर

@चादर_टॉवेल दादा तुमचं वाचून पंचा ओढून बघितला, वडिलांना दाखवला, ते म्हणे यात नवीन काय 😂 पण डोक्यात बसलं.

आता एक शंका. कोणीतरी सांगितलं कंपनी विकली, परत विकली, आता सॅमसंगची झाली. मग घेऊन अर्थ आहे का, पार्ट मिळतील का? आणि चीनमध्ये बनतात हे खरं का?

जुना_रेडिओ

विकली हे खरं. २०१६ ला ईव्हा ऑटोमेशन नावाच्या अमेरिकन स्टार्टअपने घेतली, छोट्या माशाने मोठा गिळला असं सगळे म्हणाले. त्यांचं जमलं नाही, २०२० ला साऊंड युनायटेडकडे गेली, डेनॉन-मरांट्झवाले. २०२२ ला साऊंड युनायटेडलाच मासिमोने घेतलं, आणि मासिमो म्हणजे दवाखान्यातलं पल्स ऑक्सिमीटरचं तंत्र विकणारी कंपनी! कोरोनात बोटाला चिमटा लावायचो ना, तो धंदा. स्पीकरचा आणि त्याचा काय मेळ ते त्यांच्या शेअरहोल्डरांनाही कळलं नाही, खूप भांडणं झाली. शेवटी २०२५ मध्ये हरमनने घेतली, आणि हरमन सॅमसंगची. जेबीएल पण हरमनचीच, म्हणजे नवीपेठवाले आणि तुम्ही आता एकाच मालकाचे गिऱ्हाईक.

मला यातलं ईव्हाचं प्रकरण खटकलं होतं कारण बॉवर्सची नफा लॅबमध्ये घालायची सवय अशा मालकाकडे टिकेल असं वाटलं नव्हतं. पण डी४ या सगळ्या उलथापालथीतच आला, म्हणजे लॅब चालू राहिली. हरमनकडे स्वतःची मोजमापाची मोठी परंपरा आहे, त्यामुळे तिथं बरं होईल असा माझा अंदाज, अंदाजच.

चीनचं म्हणाल तर ८०० मालिका वर्दिंगलाच बनते, ६०० आणि ७०० चीनमध्ये झुहाईला. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, कारखाना कंपनीच्याच पद्धतीने चालतो, आणि वर्दिंगची मजुरी तुम्हा-आम्हाला परवडणारी नाही.

खाटखुट_रिपेअर

मुख्य प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, सेकंडहँड घ्यावे का. मी रिपेअर करतो म्हणून सांगतो.

पिवळे घ्यायचे असतील तर आधी ट्विटर बघा. धातूचा घुमट असतो, घरात लहान पोरगं असेल तर बोटाने हमखास दाबलेला असतो, टेपने ओढून वर आला तरी चुणी राहतेच, आणि ते युनिट बदलायचं म्हणजे महाग. मग कोनाची कडा, रबर असेल तर बोटाने हलकं दाबून बघा मऊ आहे का, फोम असेल तर वयाने भुगा होतो आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर होतो. कोन दोन्ही बाजूंनी सारखा धरून हळूच आत दाबा, खरखर आली तर कॉइल घासतेय, हात जोडून परत या. केव्हलार स्वतः खराब होत नाही सहसा, रंग मळतो फक्त. ऑनलाइन एकट्याचा एक विकत असेल तर घेऊ नका, जोडीच घ्या. एका गिऱ्हाईकाने दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकेक घेतला होता, एकाचा वूफर (बेसचा मोठा कोन) कुणीतरी लोकल मार्केटचा पिवळा रंगवलेला कागद बसवून दिला होता! लांबून फोटोत कळत नाही, जवळून वीण दिसत नाही एवढाच फरक. असे पण लोक आहेत.

अँपवर पैसे ठेवा. कागदावर ८ ओहम (विजेला अडवण्याचं माप, कमी झालं की अँपवर ताण जास्त) लिहितात पण यांचे बरेच मॉडेल मध्येच ३-४ ओहमपर्यंत खाली येतात, होम थिएटरचा हलका रिसीव्हर तिथं दमतो आणि लोक स्पीकरला शिव्या घालतात. आणि व्होल्टेज वर-खाली होतं तिकडं, स्टॅबिलायझर लावा.

चादर_टॉवेल

हॉलबद्दल राहिलं. खाली टाइल्स, वर स्लॅब, चारही बाजू प्लास्टर, अशा खोलीत पाच लाखाचा स्पीकर पण भांड्यात वाजल्यासारखा वाजतो. टाळी वाजवून बघा, 'टर्र' असं मागं येत असेल तर आधी खोली. स्पीकर आणि तुमची खुर्ची याच्या मध्ये जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला काहीतरी जाड कापड. सोलापुरात राहून यासाठी परदेशी अॅकॉस्टिक पॅनेल घेऊ नका, जेकार्डचा जाड वॉल हँगिंग घ्या, भिंतीपासून दोन-तीन इंच लांब टांगा, चिकटवून नको, मागं हवा राहिली की जास्त शोषतं. बेसला कापडाचा उपयोग नाही, तो स्पीकर भिंतीपासून लांब ओढूनच आवरायचा. तरी घुमला तर स्पीकरच्या पोर्टमध्ये (खोक्याच्या हवेच्या भोकात) घालायला फोमचे बूच मिळतात, बऱ्याच मॉडेलबरोबर बॉक्समध्येच येतात, सेकंडहँडवाला ते हरवून बसलेला असतो, विचारून घ्या.

जुळे_सोलापूरकर

बूच विचारायचं डोक्यात आलंच नसतं. हैदराबादला एक पिवळी जोडी दिसलीय, दोन्ही एकाच मालकाकडची, फोटोत ट्विटर नीट दिसतोय. रविवारी गाडीने जाऊन बघणार. @खाटखुट_रिपेअर तुम्ही मोकळे असाल तर येताय का, वाटेत जेवण माझ्याकडे.

खाटखुट_रिपेअर

येतो. पण पैसे आधी पाठवू नका, ऐकल्यावर द्या. आणि तुमचा अँप बरोबर घ्या.

चिरमुरे

मी पण येतो, मला स्पीकरचं काही कळत नाही, बिर्याणीचं कळतं.